छोटा स्पिन ड्रायर घरी वापरताना: खेड्यातल्या घरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. घरात सात माणसं, त्यात दोन शाळेतली पोट्टी अन् दोन म्हातारी, कपडे अजूनही दगडावर हातानंच धुतो. तीन पावसाळे झाले, कपडे पिळायची छोटी मशीन घेतली. आधी गल्लीतल्या बाया पाहायला आल्या, मग माहेरच्या आल्या, मग फोन यायला लागले, अन् प्रश्न तेच तेच, म्हणून जे जे विचारलं गेलं ते सगळं एका ठिकाणी लिहून काढलं. लाईटच्या अन् दुरुस्तीच्या गोष्टी माझे दीर वायरमन आहेत, त्यांच्याकडून तपासून घेतल्या आहेत.

ही वॉशिंग मशीनच ना? मग धूत कावून नाही?

नाही, ही धुवायची नाहीच. सेमी ऑटोमॅटिक मशीन पाहिली असेल तर तिच्यात एका बाजूला छोटा ड्रम असतो बघा, धुतल्यावर कपडे त्यात टाकून फिरवतात, तेवढाच भाग वेगळा काढून त्याची स्वतंत्र मशीन केली आहे असं समजा. उभा ड्रम, त्याला बारीक भोकं, खाली मोटर, अन् बुडाशी पाणी जायला तोटी, बस. ड्रम मिनिटाला साधारण १३०० ते १४०० फेरे घेतो. ज्वारी राखताना गोफण फिरवली असेल त्याला हे लगेच समजते, गोफण फिरत असताना दगड बाहेर पळायला पाहतो अन् दोरी त्याला धरून ठेवते. इथं कपड्याला ड्रमची भिंत धरून ठेवते, पाण्याला कोणी धरत नाही, ते भोकातून बाहेर. वीतभर रुंदीचा ड्रम १४०० फेऱ्यांनी फिरला तर कडेच्या पाण्यावर त्याच्या वजनाच्या जवळपास २४० पट जोर पडते, एवढा जोर कोणाच्या मनगटात आहे सांगा.

कपडे एकदम सुकून निघतात का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि नावातच "ड्रायर" असल्यामुळे तो होतो, दुकानदारही नीट सांगत नाही. ह्या मशीनमध्ये गरम हवा नसते. कपडा निघतो तो ओलसर निघतो, हातात घेतला तर गार लागते पण पिळला तर थेंब पडत नाही. तिथून पुढचं काम हवेचं अन् उन्हाचं.

मे महिन्यात तर ह्या मशीनची गरजच नाही, अकोला चंद्रपूर ब्रह्मपुरीकडं पारा ४५ च्या वर जाते तेव्हा टपटप गळता टॉवेलही दोरीवर टाकून येईपर्यंत कडक होतो. खरी गरज आहे ती झडीत. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, पडवीत, खोलीत, खाटेवर, दारावर, जिकडं तिकडं ओले कपडे, अन् पोट्ट्यांचा शाळेचा ड्रेस एकच. आमच्याकडं पूर्वी झडीत जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरेपाशी ओली राहायची. आता संध्याकाळी पिळून रात्री पंख्याखाली टाकली तर दुसऱ्या दिवशी घालता येते, शिवणीपाशी थोडी गार असते कधी कधी, पण घालता येते.

पिळायले हात आहेत ना, मग पैसे कायले घालायचे?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा घरातल्या कर्त्या माणसांनी विचारला आहे, जे स्वतः कपडे पिळत नाहीत. रागानं नाही लिहीत, पण खरं आहे ते लिहिते.

आमच्या सासूबाईंचा उजवा हात मनगटापाशी सुजतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी लुगडी, धोतरं, चादरी, सतरंज्या पिळल्या. डॉक्टरांनी सांगितलं पीळ पडेल असं काम करू नका, आता खेड्यात बाईनं पीळ पडेल असं काम करायचं नाही म्हणजे काय करायचं? धुणं एक वेळ आपटून होते, पण डबल बेडची चादर पिळायला दोन माणसं लागतात, एकीनं हे टोक धरायचं दुसरीनं ते. घरात दुसरी कोणी नसली तर नळाच्या तोटीला किंवा खुंटीला गुंतवून पिळावी लागते. बाळंतीण बाई, टाके पडलेली बाई, गुडघे-मनगट गेलेल्या आज्या, दिवसभर कापूस वेचून बोटं चिरलेल्या बाया, ह्या सगळ्यांना पिळणं हेच धुण्यातलं सगळ्यात जड काम आहे, अन् त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. धुऊन झालं, वाळत टाकलं, एवढंच दिसते, मधलं पिळणं दिसत नाही. मशीन घेतल्यापासून सासूबाई स्वतःचं लुगडं स्वतः धुतात, मधली दोन वर्षं त्यांना ते दुसऱ्याकडून धुवून घ्यावं लागायचं आणि त्याचं त्यांना फार वाटायचं. मला विचाराल तर पैसे तिथंच वसूल झाले.

लाईट बिल किती वाढन?

तुमच्या मशीनच्या मागं पट्टीवर वॅट लिहिलेले असतात ते पहा. समजा ३०० वॅट आहे आणि एक फेरी ५ मिनिटांची, तर ४० फेऱ्यांना १ युनिट. रोज चार फेऱ्या म्हणजे महिन्याला १२०, म्हणजे ३ युनिट. काही मशीन १५० वॅटच्याही असतात, त्यांना निम्मं. ज्यांचं बिल १०० युनिटच्या आतल्या स्लॅबमध्ये बसते अन् काठावर आहे त्यांनी एवढा हिशोब करून पाहावा, बाकीच्यांनी घाबरायचं कारण नाही.

अन् एक सांगते, काही जण शहरातल्या गरम हवेच्या ड्रायरशी हिची बरोबरी करतात, तसं करू नका. एक लिटर पाणी नुसती उष्णता देऊन उडवायचं म्हटलं तर जवळपास पाऊण युनिट वीज जाते, हे निसर्गाचं गणित आहे, कोणत्याही कंपनीनं बदलत नाही. तेच पाणी फिरवून बाहेर फेकायला त्याच्या तुलनेत काहीच लागत नाही. जेवढं पाणी फेकून जाते तेवढं फेकून घ्यावं, उरलेलं वाऱ्याला द्यावं.

आमच्याकडं लाईन धड राहत नाही, व्होल्टेज कमी असते. चालन का?

व्होल्टेज कमी असताना चालवू नका. अशा मोटरचा जोर व्होल्टेजपेक्षा जास्त वेगानं पडतो, व्होल्टेज पाऊण झालं तर जोर निम्म्याच्या थोडा वर राहतो. मग मोटर नुसती हूंऽऽ करते, ड्रम हलत नाही, अन् तेवढ्यात वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली गुंडाळलेली तार, तापून वास सुटतो. संध्याकाळी गावभर बल्ब पिवळे पडतात तेव्हा पिळायचं कामच काढायचं नाही, सकाळी लवकर किंवा दुपारी काढायचं. मशीन हूं करून थांबली तर पाच सेकंदही वाट पाहू नका, बंद करा.

इन्व्हर्टरवर चालवता येते का हेही विचारतात. मोटर सुरू होताना चालू वॅटच्या कितीतरी पट ओढते, त्यामुळे छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो. अन् साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटर गुरगुरते आणि तापते. साईन वेव्ह, म्हणजे लाईनसारखीच वीज देणारा इन्व्हर्टर असेल, वॅटेज भरपूर असेल, तरच. नाहीतर लाईन येऊ द्या, कपडे बादलीत थांबतात.

मधेच लाईन गेली तर? बटण बंद करा. ड्रम थांबल्याशिवाय हात घालू नका, लाईन गेली म्हणजे ड्रम थांबला असं नसते, तो वेगात असतो. अन् बटण चालूच राहिलं तर लाईन आली की मशीन आपोआप फिरायला लागते, तेव्हा तुमचा हात आत असला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

झिणझिण्या येतात, हात लावला की. काय करू?

आधी मशीन बंद करा, प्लग काढा, अन् अर्थिंग, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी वायर, झाल्याशिवाय पुन्हा लावू नका. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण खेड्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त सोडून दिली जाते.

मशीन ओल्या जागी, बाई अनवाणी, हात ओले, फरशी ओली, अशात वीज अंगातून जायला वेळ लागत नाही. आम्ही घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला बारीक झिणझिणी आली, मी म्हटलं नवी आहे म्हणून असेल. दीर घरी आले, टेस्टर लावला, पत्र्यावर दिवा लागला. बोर्डाला तीन भोकं होती पण वरचं भोक नुसतं नावाला, मागं वायरच नव्हती. अशी कितीतरी घरं आहेत. प्लग तीन पिनांचा आहे म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका, अन् तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात तर कधीच घालू नका.

मग अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून, सळई पुरून, कोळसा-मीठ घालून अर्थिंग केली. आपल्या काळ्या मातीची एक गोष्ट आहे, पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते तेव्हा अर्थिंग छान काम करते, पण एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती सळईपासून सुटते अन् अर्थिंग कमजोर होते. म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकायचं. धुण्याचं उरलेलं टाकलं तरी चालते. जमलं तर मेन बोर्डाजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, वीज गळायला लागली की तो क्षणात लाईन तोडतो. अन् एक्स्टेन्शन बोर्ड न्हाणीच्या ओल्या फरशीवर ठेवायचा नाही, भिंतीवर खिळ्याला टांगला तर पाणी तरी लागणार नाही.

कपडे भरायचे कसे? आम्ही टाकले की धडधड करते.

निम्मं यश भरण्यात आहे. आमच्याकडं सुरुवातीला मशीन अंगणात नाचत नाचत दोन हात पुढं गेली होती, तेव्हा सगळ्यांना वाटलं खराबच निघाली. खराब नव्हती, भरणं चुकत होतं.

कपडा आधी हातानं हलका दाबून टपटप गळणारं पाणी काढायचं, पीळ द्यायचा नाही, नुसता दाबायचा. मग मोकळा करून ड्रमच्या कडेकडेनं गोल गोल बसवायचा, साप वेटोळं घालतो तसा. मधोमध ढीग करायचा नाही अन् एका बाजूला जड, एका बाजूला हलकं असं ठेवायचं नाही. एक जीन्स टाकली तर समोरच्या बाजूला तिच्याएवढ्याच वजनाचं काहीतरी टाका, दुसरी जीन्स नसेल तर ओला टॉवेल. मग तळव्यानं सगळीकडून सारखं दाबा. त्यावर आतलं जाळीचं चकतीसारखं झाकण येते, ते आडवं, सपाट बसलं पाहिजे. हे झाकण बाया हरवतात किंवा लावतच नाहीत, तसं करू नका, ते नसलं की मोजा-रुमाल वर उडून ड्रम अन् बाहेरच्या टाकीच्या मधल्या फटीत जातो आणि तिथून काढायला मेकॅनिकच लागतो.

कंपनी जे किलो लिहिते ते कोरड्या कपड्याचे असतात. पण ड्रम पूर्ण भरू नका, वरून चार बोटं जागा ठेवा. खिसे तपासा, नाणी, खिळे, पिना, अन् आपल्याकडं सगळ्यात जास्त सापडते ती खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची पन्नी. ती तोटीत अडकली की पाणी निघत नाही, खाली साचते, अन् ड्रम पाण्यात फिरायला लागतो.

सगळं नीट भरूनही हादरते.

जागा पहा. शेणानं सारवलेल्या किंवा उखणलेल्या जमिनीवर ती हादरणारच. सपाट शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा छोटा ओटा, चारी पाय टेकलेले, पायाखाली जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे. ओटा केला तर दुसराही फायदा, तोटी उंचावर येते आणि पाणी आपोआप उतरते. बहुतेक छोट्या मशीनमध्ये पाणी वर ढकलायला पंप नसतो, नळी तोटीच्या खालीच असली पाहिजे. नळी बादलीच्या काठावरून वर चढवून आत सोडली तर पाणी मागं साचते, अन् मोटरला उगाच ओढ लागते.

हादरायला लागली तर वरून दाबून धरायचं नाही, कोणी कोणी तर त्यावर बसतात. बंद करा, थांबू द्या, कपडे पुन्हा बसवा.

काय काय टाकायचं नाही?

रेनकोट, मेनकापड, ताडपत्रीचा तुकडा, प्लास्टिकची खोळ, ज्यातून पाणी आरपार जात नाही ते काहीही नाही. झडीच्या दिवसात रेनकोटच जास्त ओले असतात म्हणून पोरं तेच आधी टाकतात. त्यात पाण्याचा फुगा धरून राहतो, ड्रम पूर्ण वेगात असताना तो एकदम एका बाजूला सरकला किंवा फुटला तर तोल जाऊन मशीन उलटी होऊ शकते.

डिझेल, रॉकेल, पेट्रोल, थिनर लागलेले कपडे नाही. ट्रॅक्टरवर काम करणाऱ्याचे तेलकट कपडे आधी साबण लावून दोनदा धुवा, वास गेला की मग. बटणातल्या एका ठिणगीला वाफ पुरते.

बूट नाही, उशी नाही. खड्यांचे ब्लाऊज नाही.

लुगडं, साडी, लोकर?

सुती लुगडं बिनधास्त. फक्त नऊवार असो की सहावार, तशीच कोंबली तर तिचा दोर होतो अन् सोडवता सोडवता अर्धा तास जातो. लांब घडी घालून, पट्टा करून, ड्रमच्या कडेनं गुंडाळत न्यायची. सिंथेटिक साडीला एक मिनिट खूप झालं, ती पाणी धरतच नाही, जास्त फिरवली तर चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीशिवाय जात नाहीत. जरीची, रेशमी, लग्नातली साडी ह्यात नकोच. स्वेटर मात्र हातानं पिळण्यापेक्षा मशीनमध्येच बरा, पिळला की त्याचा आकार जातो, उशीच्या खोळीत घालून एक-दीड मिनिट फिरवला तर जात नाही. हूक असलेले कपडेही खोळीतच.

गोधडी, वाकळ, ब्लँकेट?

नाही होत. मलाही हेच हवं होतं, महालक्ष्म्यांच्या आधी घरातलं सगळं पांघरूण धुवायचं असते आणि भाद्रपदात ऊन-पावसाचा भरवसा नसते. पण वाकळ त्या ड्रममध्ये मावत नाही, अर्धी बाहेर अर्धी आत हा प्रकार करायचा नाही. पातळ सोलापुरी चादर एका वेळी एक, आरामात होते. वाकळा दसऱ्यानंतरच्या उन्हात.

फवारणीचे कपडे टाकले तर?

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी अन् शेतमजूर गेले, ते अजून कोणी विसरलं नाही. औषध कपड्यात मुरते अन् कपड्यातून चामडीत जाते. म्हणून फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचेच नाहीत. वेगळ्या बादलीत, हातात रबरी मोजे घालून, साबणानं दोन-तीन पाण्यातून काढायचे, ते पाणी विहिरीजवळ किंवा ढोरांच्या टाक्याजवळ सोडायचं नाही. आमच्या घरी नियम केला आहे, ते कपडे मशीनमध्ये जातच नाहीत, बाहेर दोरीवर गळत राहिले तरी चालेल. त्याच ड्रममध्ये नंतर बाळाची दुपटी जाणार असतात. चुकून कोणी टाकलेच तर दोन वेळा साबणाचं पाणी लावलेलं जुनं फडकं फिरवा, मग साध्या पाण्याचं फिरवा, ती फडकी फेकून द्या.

निंदणाचे, रोवणीचे चिखलाचे कपडे?

चिखल पूर्ण गेल्यावर. काळी माती असो की भंडारा-गोंदियाकडची धानाच्या बांधीतली, बारीक असते, ड्रमच्या भोकात अन् खालच्या सीलमध्ये जाऊन बसते. सील गेलं की पाणी थेट मोटरवर.

आमचं पाणी खारं आहे, मशीन सडन का?

माझी मावशी दर्यापूरकडं असते, खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातलं अमरावती-अकोला-बुलढाण्याचं ते पाणी ज्यानं पाहिलं त्याला सांगायला नको, साबणाला फेस नाही, अन् वाळलेला टॉवेल पापडासारखा उभा राहतो. पत्र्याची बॉडी तिथं गंजते हे खरं आहे, म्हणून त्या भागात प्लास्टिकची बॉडी अन् स्टीलचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा ड्रम घ्या, अन् काम झालं की एकदा कोरड्या फडक्यानं पुसा.

पण मावशीलाच पहिल्यांदा एक गोष्ट जाणवली, पिळलेले कपडे पूर्वीएवढे कडक होत नाहीत. विचार केला तर सरळ आहे. दोरीवर पाणी उडते पण त्यातला क्षार उडत नाही, तो कपड्यातच राहतो. जेवढं खारं पाणी कपड्यात सोडून वाळवाल तेवढा क्षार मागं राहणार. मशीननं ते पाणी पाण्याच्या रूपातच बाहेर काढलं तर क्षारही त्याच्यासोबत जातो. खारपाणपट्ट्यातल्या बायांना मी म्हणूनच आवर्जून सांगते, झडीसाठी नाही तर ह्यासाठी तरी विचार करा.

पाणी वाचते का? आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येते.

वाचते, पण पद्धत बदलली तर. आपण साबण लावून घासतो अन् लगेच खंगाळतो, मग तीन-तीन बादल्या साबण काढण्यात जातात. तसं न करता साबणातून काढलेला कपडा आधी एक-दोन मिनिटं फिरवून घ्या. साबणाचं पाणीच निघून जाते, मग खंगाळायला फार कमी पाणी लागते. आमच्याकडं तीन पाण्यांच्या जागी दोन झाले. ते निघालेलं साबणपाणी बादलीत धरून चिखलाच्या कपड्यांना, पायपुसण्यांना पहिलं पाणी म्हणून वापरते. शेवटचं खंगाळलेलं पाणी न्हाणी धुवायला. तुळशीला किंवा भाजीच्या वाफ्याला साबणाचं टाकू नका.

धुतलेले गहू, बटाट्याच्या चिप्स फिरवता येते का?

उन्हाळ्यात दर घरून हा प्रश्न येते. मन होते, मला माहीत आहे, पण नाही. ड्रमच्या भोकात साबण अन् कपड्यांचे तंतू बसलेले असतात, ते खाण्यात जाणार. अन् गव्हाचं फडकं पूर्ण वेगात सुटलं तर दाणे सगळे सीलमध्ये. गहू उन्हातच वाळवा, उन्हाळ्यात उन्हाची कमी नाही.

पिळूनही कपड्यांना कुबट वास येते.

पिळून बादलीत तसेच ठेवले असतील. ओलसर कपड्यात जंतू वाढतात, तो वास त्यांचा असतो, अन् एकमेकांवर दाबून ठेवलेले कपडे म्हणजे त्यांना आयतं घर. फिरवून झाले की लगेच झटकून पसरवा, दोन कपड्यांमध्ये वीतभर जागा ठेवा, पंखा लावा, समोरासमोरची खिडकी-दार उघडं ठेवा. चुलीच्या वर दोरी बांधून वाळवू नका, धुराचा वास लागतो आणि आगीची भीती वेगळी. मशीनचंही झाकण काम झाल्यावर उघडं ठेवायचं, नाहीतर वास तिच्यातूनच येते.

आतले कपडे पावसाळ्यात पूर्ण कोरडे करूनच घाला, ओलसर घातले की जांघेत गजकर्ण होते आणि ते घरभर पसरते. शंका असेल तर वरून इस्त्री फिरवा.

पाळीचे कपडे टाकता येतात का?

हे बायांनी कानात विचारलं, म्हणून इथं उघड लिहिते. येतात. आधी थंड पाण्यात साफ धुवा, गरम पाण्यानं डाग पक्का होतो. मग वेगळी फेरी करा, दोन-तीन मिनिटं. खरं महत्त्वाचं त्यानंतर आहे, ते उन्हात, वाऱ्यात उघडे वाळले पाहिजेत. आपल्याकडं ते साडीखाली, परकराखाली लपवून टाकतात अन् तिथं ते ओलेच राहतात, त्यातून खाज, आजार. मशीननं निम्मं काम आधीच केलेलं असते, उरलेल्याला थोडं ऊन द्या, झडीत असेल तर पंख्याखाली टाकून शेवटी इस्त्री करा. कोणी पाहिलं तर पाहिलं.

हूं हूं करते पण फिरत नाही. पाणी आतच राहते. आवाज येते.

हूं करते अन् व्होल्टेज चांगलं आहे, तर बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा छोटा डबा, गेलेला असतो, तो स्वस्तात बदलतो. मोटर गेली असं कोणी लगेच म्हटलं तर आधी कपॅसिटर तपासा म्हणा. स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो. पाणी राहते तर तोटी अन् नळी पहा, तंतू किंवा पन्नी असेल. घर्रर आवाज असेल तर फटीत काहीतरी गेलं आहे किंवा बुश झिजली आहे. खालून पाणी गळते तर सील, ते लगेच करा. वायरच कुरतडलेली असेल तर उंदीर, सोयाबीन घरात भरली की ते येतातच, मशीनच्या बुडाला बारीक तारेची जाळी मारून घ्या.

सेमी ऑटोमॅटिक आहे, तरी घेऊ का?

नका घेऊ, तुमच्याकडं ही आहेच.

घेताना काय पाहायचं?

तालुक्याला तिचे पार्ट मिळतात का, हे सगळ्यात आधी, दुकानदाराला नाही तर मेकॅनिकला विचारा. मोटरची वॉरंटी लिहून घ्या. ड्रम हातानं फिरवून पहा, सरळ फिरतो का. अन् दुकानातच चालवून झाकण उघडून पहा, पुढच्या प्रश्नात सांगते कावून.

झाकण उघडलं तरी ड्रम फिरतच राहतो, पण कपडे चांगले निघतात. चालू देऊ का?

नाही. झाकण उघडलं की मोटर बंद होऊन ब्रेक लागला पाहिजे अन् ड्रम काही सेकंदात थांबला पाहिजे. आमच्या मशीनचा ब्रेक दुसऱ्या वर्षी ढिला झाला, ड्रम बराच वेळ गरगरत राहायचा, आम्ही म्हटलं करू पुढच्या बाजारच्या दिवशी. त्याच्या आधीच माझी पुतणी झाकण उघडून वाकली अन् ओढणीचं टोक आत गेलं. ओढणी गुंडाळत गेली, मानेपर्यंत. नशीब की पातळ होती, मधेच फाटली. गळ्यावर लाल वळ आठ दिवस होता. ब्रेकची वायर ताणून द्यायला मेकॅनिकला दहा मिनिटं लागली.

तेव्हापासून आमच्याकडं मशीनजवळ ओढणी, पदर, मोकळे केस नाही. पोट्ट्यांना बटण लावायची परवानगी नाही, अन् वापरून झालं की प्लग काढून वायर वर खुंटीला. ड्रम पूर्ण थांबला हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हात आत नाही, एक बोटही नाही. तुमची मशीन जुनी असेल तर आजच रिकामी फिरवून, झाकण उघडून पाहून घ्या किती सेकंदात थांबते.